घंगाळातली आठ वांगी

"तुला सगळं ठाऊकच आहे, तर मग हे पाकीट फोडायचं कशाला?"

बाईंनी विचारले.

रेवणसिद्ध उपासे हरिपूरला बाईंच्या अंगणात उभा होता. बूट काढण्याचेही त्याला भान नव्हते.

"शिस्त म्हणून, बाई. ती तुम्हीच शिकवलीत."

डॉ. कुमुदिनी आठल्ये यांनी चौतीस वर्षे औषधशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर कृष्णाकाठी हे लहानसे घर घेतले. त्यांचे जुने विद्यार्थी एक प्रथा मात्र पाळत राहिले. प्रयोगाच्या दोन बाटल्या असत. एकीत औषध, दुसरीत नुसते मिठाचे पाणी. वर केवळ ‘अ’ आणि ‘ब’. कोणत्या बाटलीत काय, हे प्रयोग करणाऱ्याने जाणायचे नाही. बाटल्या तिसराच कोणी भरी, उत्तर कागदावर लिहून पाकिटात घाली, पाकिटावर लाख लावी आणि ते बाईंकडे पाठवी.

काम संपले की बाई पाकीट फोडत. त्याआधी नाही.

"उंदीर किती झाले?"

"अठ्ठेचाळीस. निम्मे ‘अ’चे, निम्मे ‘ब’चे."

"आणि औषध ‘अ’त आहे."

"आहेच. पहिल्या आठवड्यातच कळलं. पाण्यात सोडलेला उंदीर धडपडतो, मग दमून नुसता तरंगतो. औषध लागू पडलं की..."

"की जास्त वेळ धडपडतो. हे तू मला सांगतोस? त्या उंदरांना न्हाऊ घालण्यात माझी उमर गेली."

रेवणसिद्ध ओशाळला, पण क्षणभरच.

"‘अ’चे उंदीर थांबतच नाहीत, बाई. आणि गणती कॅमेरा करतो. सेकंद संगणक मोजतो. माझा डोळासुद्धा मध्ये येत नाही."

"डोळा येत नाही..."

बाईंनी पाकीट कोनाड्यात ठेवले.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने नाव पाहिले आणि फोन बंद केला.

"कोण?"

"अक्का. रोज सकाळी विचारते, ‘तुझं पाकीट फुटलं का?’"

ओसरीच्या पायरीशी तांब्याचे घंगाळ होते. नदीकाठच्या मळीच्या रानातली वांगी नुकतीच आली होती. टपोरी, काटेरी, लांब देठांची.

"बूट काढ. बस इथे. चाचणीच्या आदल्या दिवशीही उंदीर एकदा पोहतो ना?"

"पंधरा मिनिटं. मग बाहेर काढायचा, बाटलीतलं टोचायचं, पिंजऱ्यात ठेवायचा. कॅमेरा दुसऱ्या दिवशी."

"बाहेर कोण काढतं?"

"मीच. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही."

"पिंजऱ्यांवर अक्षरं असतात?"

"अर्थात. नाहीतर घोटाळा होईल."

"होईल खरा," बाई म्हणाल्या. "आता असं कर. मी अक्षर सांगून एकेक वांगं पाण्यात सोडते. तू काढ. उंदीर काढतोस तसंच."

रेवणसिद्ध मोठ्याने हसला.

"वांग्यांवर प्रयोग, बाई?"

"दुपारी भरली करायची आहेत. धुऊन तरी होतील. आणि काढता काढता तुझ्या औषधाचं सांग. मी म्हातारी. नवं काही वाचत नाही."

हे खरे नव्हते. ओसरीवर या महिन्याच्या शोधपत्रिकांची चळत होती. पण रेवणसिद्धाला आता फक्त स्वतःचे औषध दिसत होते.

"‘अ’," म्हणून बाईंनी पहिले वांगे सोडले.

"मेंदूत सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदा तऱ्हेचे. चौदा दारं म्हणा."

"‘ब’."

"जुन्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. मग ते चौदाही दारं ठोठावत सुटतं. एका दारामागे धीर येतो, दुसऱ्यामागे मळमळ, तिसऱ्यामागे झोप मोडते..."

"‘ब’."

"आणि गुण यायला आठवडेच्या आठवडे. माणसाने तोवर कसा तग धरायचा?"

"‘अ’."

"माझा रेणू एकाच दाराशी जातो, बाई. फक्त एका. बाकीच्या तेरांकडे ढुंकून बघत नाही!"

तो बोलत राहिला. बाई अक्षरे सांगत राहिल्या. आठवे वांगे निघाले.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता खाली बघ."

त्याने पाहिले.

दोरीवरचा पंचा त्याच्या मांडीवर होता. तो केव्हा ओढून घेतला, हे त्याला आठवेना. पंच्यावर चार वांगी ओळीने निजवलेली होती, कोरडी, पुसलेली.

उरलेली चार फरशीवर पडली होती. एकावर एक. त्यांचे पाणी निथळून मोरीकडे चालले होते.

"‘अ’ला दोन्ही हातांची ओंजळ करत होतास," बाई म्हणाल्या. "‘ब’ला देठाला धरून उचललंस. दोन बोटांनी."

"वांगी म्हणजे उंदीर नव्हेत, बाई."

"नव्हेत. पण हात तुझेच आहेत."

रेवणसिद्धाने हात पंच्याखाली घेतले.

"‘अ’चे उंदीर नव्वद-नव्वद सेकंद जास्त पोहले आहेत. एवढा फरक पुसण्याने पडत नाही!"

"नसेल पडत."

"म्हणजे औषध खरं असू शकतं."

"असू शकतं."

"मग फोडा पाकीट."

"फोडते. काय कळेल?"

"औषध कोणत्या बाटलीत होतं ते."

"आणि उंदीर कशाने पोहले, ते?"

मळीत कोणी बैलाला हाक घातली. रेवणसिद्धाने कोनाड्यातल्या पाकिटाच्या लाखेकडे पाहिले.

"बाई, मला आज उत्तर हवं होतं," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "अक्कासाठी."

"अक्काचं काय?"

"चार वर्षं ती उदासीच्या गोळ्या घेते. सकाळी उठवत नाही, घास गिळवत नाही, असं होतं तिचं. गोळ्यांनी शाळेत शिकवण्याइतकी उभी राहिली होती. मीच म्हणालो, या गोळ्या म्हणजे बोथट हत्यारं. माझं औषध येतंय. थोडी कळ काढ."

"आणि?"

"तिने गोळ्या सोडल्या."

बाई उभ्या राहिल्या.

"किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"डॉक्टरांना विचारून?"

"...मला विचारून."

"गाढवा!"

चौतीस वर्षांत हा शब्द बाईंच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

"तुझी बाटली खरी ठरली, तरी माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील. अक्काने दहा वर्षं कळ काढायची? लाव फोन. आधी तिच्या डॉक्टरांना."

त्याने फोन लावला. डॉक्टरांनी त्याला बोलू दिले नाही. आजच्या आज घेऊन या, म्हणाले. एकटी ठेवू नका. आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते मी ठरवीन, तुम्ही नव्हे.

मग त्याने जतला अक्काला फोन लावला. बाईंनी खूण केली, तेव्हा आवाज मोठा केला.

"फुटलं का रे तुझं पाकीट, तम्मा?"

कर्नाटकच्या सीमेवरचे घर. धाकट्या भावाला तिकडे तम्मा म्हणतात.

"नाही, अक्का. ते अजून औषध झालेलं नाही."



"मग मी हे दिवस कशासाठी काढले रे?"

"माझ्या फुशारकीसाठी. मी चुकीचं सांगितलं, अक्का. तुझ्या गोळ्या काम करत होत्या. मी निघालोय. डॉक्टरांकडे जायचंय."

"तू येणार? तू स्वतः?"

"साडेदहाच्या एस.टी.ने. शेजारच्या काकूंना बोलावून घे तोवर. घेशील ना?"

"घेते," अक्का म्हणाली. "फोनवर नेहमी उंदरांचंच सांगायचास. फार दिवसांनी मला काही विचारलंस बघ."

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारले,

"शेवटचा कधी गेला होतास?"

"प्रयोग सुरू झाल्यापासून... नाही."

बाईंनी मान हलवली.

पंचा वांग्यांसकट पायरीवर ठेवून रेवणसिद्ध उठला. पिशवीतून प्रयोगाची वही काढली आणि उभ्याउभ्याच शेवटच्या पानावर लिहू लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवले.

"अठ्ठेचाळीस उंदीर मी स्वतः पाण्याबाहेर काढले. कोणता कोणत्या बाटलीचा, हे मला दिसत होते. दोन्हींना हात सारखा लागला नाही. या प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये."

"सही?"

त्याने सही केली. खाली तारीख घातली.

"पुन्हा करीन, बाई. नवे अठ्ठेचाळीस. पिंजऱ्यांवर नुसते आकडे, अक्षर नाही. पाण्यातून काढणारा वेगळा, टोचणारा वेगळा. मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही."

"सहा महिने जातील."

"जाऊ देत."

"औषध खोटं निघालं, तर?"

त्याने वहीवर हात ठेवला.

"तर तसं लिहीन. याच वहीत."

बाईंनी कोनाड्यातले पाकीट घेतले, लाख न मोडता वहीच्या त्याच पानात ठेवले आणि वही मिटून स्वतःजवळ घेतली.

"दुसरं पाकीट आलं, की दोन्ही एकदम फोडू."

रेवणसिद्धाने बूट घातले. वाकून नमस्कार केला. एस.टी.ला वेळ थोडाच होता.

"वांगी ने अक्काला," बाई म्हणाल्या. "भरली कर. तू कर, तिला करायला लावू नकोस."

त्याने घाईने पिशवी उघडली आणि पंच्यावरची चार कोरडी वांगी आत ठेवली.

मग फरशीवरच्या ओल्या चारांकडे त्याचा हात गेला, आणि थांबला.

बाईंनी पंचा उचलून त्याच्या हातात दिला.

"पूस," त्या म्हणाल्या. "‘ब’लाही थंडी वाजते."