एकसष्ट पापड

"आणि लाट्या किती खाल्ल्यास?" दगडूबुवांनी विचारलं.

चिंतामण गडबडला. जाडी विचारतील म्हणून जाडीचं उत्तर त्यानं पाठ केलं होतं. गोलाईचं केलं होतं. मिठाचं तर सकाळपासून तीनदा घोकलं होतं. पण लाट्या...

"एकही नाही, बुवा," तो म्हणाला. आणि छाती जरा पुढे काढली, कारण उत्तर चांगलंच आहे अशी त्याची खात्री होती.

बुवांनी पापडांचं सूप पुढे ओढलं.

टेकडीवरच्या त्या मठात एक रिवाज होता. उन्हाळ्यात ज्या शिष्याचे पापड गुरूच्या मनाला येतील, त्याच्या हातात मठाचं लाटणं द्यायचं. बाभळीचं लाटणं, चार गुरूंच्या तळव्यांनी मधोमध झिजलेलं. लाटणं मिळालं की स्वयंपाकघर तुमचं. आणि स्वयंपाकघर तुमचं म्हणजे मठच तुमचा, कारण त्याखेरीज मठात एक ओसरी आणि एक रांजण होता.

चिंतामण मठात यायच्या आधी नकाशे काढायच्या कचेरीत होता. पहिल्या उन्हाळ्यात त्याचे पापड फाटले. दुसऱ्या उन्हाळ्यात पापडखार इतका पडला की एका पाहुण्यानं पापडाला हात जोडले आणि तो पानाबाहेर ठेवला. हा तिसरा उन्हाळा. उद्या अक्षय तृतीयेची पंगत होती.

"एकसष्ट आहेत," चिंतामणनं सांगायला सुरुवात केली. "साठ पाहुणे आणि एक तुम्ही. पिठाची वळी पट्टी लावून मोजली, दोऱ्यानं कापली, प्रत्येक लाटी सारखी. लाटून झाल्यावर डब्याचं झाकण ठेवून कडा कापल्या. कडा परत मळल्या. कणभर वाया नाही, बुवा."

"तुझा पापड?"

"मी वाढणार ना."

"हंऽ..."

"अहो बुवा, मी सांगते काय झालं ते," सरूमावशी मधेच म्हणाली. ही गावातली. दरवर्षी पीठ कुटायला वर यायची आणि बोलायला थांबायची. "दोनदा लाटी तेलात बुडवून ह्याच्या तोंडापाशी नेली. दोनदा! तर म्हणतो, मावशी, हिशोब चुकेल. अरे मेल्या, पापड करायला बसलाय का धरण बांधायला?"

"मावशी, शिस्त असते एक," चिंतामण म्हणाला.

"घाल ती शिस्त तेलात बुडवून तोंडात."

बुवांनी सुपातला एक पापड उचलला आणि उन्हाकडे धरला.

"पलीकडचा कावळा दिसतोय," बुवा म्हणाले.

चिंतामणच्या मानेपर्यंत अभिमान चढला. पापडातून कावळा दिसणं ही काय साधी गोष्ट आहे!

"डोळासुद्धा दिसतोय?"

"दिसतोय. तुझ्याकडेच बघतोय. यानं किती नेले?"

"एकही नाही. दोन दिवस काठी घेऊन उन्हात बसलो होतो. नाकाचं साल गेलं, हे बघा."

बुवांनी नाक बघितलं. मग पापड बघितला. मग परत नाक.

"मावशी, घमेलं आण. पाण्यानं भरून."

मावशीनं आणलं. बुवांनी सूप उचललं आणि एकसष्टच्या एकसष्ट पापड पाण्यात सोडले.

"बुवा!"

"थांब. भिजू दे."

चिंतामण घमेल्याकडे बघत राहिला. पापड आधी तरंगले. मग एकमेकांना चिकटले. मग त्यांच्या कडा गेल्या, गोलाई गेली, तीन उन्हाळे गेले... त्याला वाटलं आपण रडणार. पण उन्हानं डोळे इतके सुकले होते की तेही जमलं नाही.

"आता पीळ," बुवा म्हणाले.

त्यानं पिळलं.

"कूट."

त्यानं कुटलं. घाव घालताना जरा जास्तच जोर लावला. बुवांनी उलट मुसळाला तेल लावून दिलं. जे तयार झालं ते दिसायला पतंग चिकटवायच्या खळीसारखं होतं. मावशीनं वाकून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसली.

बुवांनी त्यातली सुपारीएवढी गोळी तोडली, वळली, तेलाच्या वाटीत बुडवली आणि चिंतामणपुढे धरली.

"बुवा, यात पाणी जास्त झालंय. याला आता आकारच..."

बुवांचा हात तसाच पुढे.

चिंतामणनं खाल्ली.

आधी तेल लागलं. मग उडीद. मग हिंग आला, आणि हिंगाच्या मागून मिरी आली ती थेट नाकात गेली. साल गेलेल्या नाकात. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"कशी आहे?" मावशीनं विचारलं.

चिंतामणनं बाहीनं डोळे पुसले.

"अजून एक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. एकसष्ट पानं. भात, वरण, कुरडया, आमरस, कैरीचं लोणचं. चिंतामण रसाचं पातेलं घेऊन वाढत होता. आपलं लाटणं गेलं, हे त्याला माहीत होतं. चौथा उन्हाळा, मग पाचवा... तरी चाल मात्र ऐटीतली होती. का, ते त्यालाही कळत नव्हतं.

पहिल्या पानावर तात्या खरात होते, गावातले सगळ्यात वयस्कर. त्यांनी पानाच्या डाव्या बाजूला बघितलं. उजव्या बाजूला बघितलं.

"काय रे चिंतामण, पापड?"

पंगत थांबली. चिंतामणनं बुवांकडे बघितलं. बुवा भात कालवत होते.

"होते," चिंतामण म्हणाला. "आम्ही खाल्ले. कच्चेच."

"सगळे?"

"मी एकोणीस," तो म्हणाला, आणि छाती आपोआप पुढे आली. "मावशी अठरा. बुवा तेवीस."

"हे साठ झाले."

"एक कावळ्याला. मीच नेऊन दिला."

तेवढ्यात बुवा भरल्या पानावरून उठले. आत गेले. हात धुऊन, बाभळीचं लाटणं घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ते चिंतामणच्या हातात ठेवलं. चिंतामणच्या दुसऱ्या हातात रसाचं पातेलं होतं, म्हणून त्याला धड नमस्कारही करता येईना.

सरूमावशीनं कमरेला खोचलेली एक पिशवी काढली. रंगीबेरंगी चिंध्यांची, लाटण्याएवढीच लांब, हातानं शिवलेली. "तीन वर्षं झाली शिवून," ती म्हणाली. "वाटलं, कसर खाणार आता."

"अहो बुवा," तात्या खरात म्हणाले, "पानात पापड नाही, आणि लाटणं ह्याला? ते कशाबद्दल?"

बुवांनी चिंतामणच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे ते सगळ्या पंगतीपुढे ताठ उभे राहिले.

"एकसष्ट होते," ते म्हणाले. "कणभर वाया गेलं नाही."