मेलेल्या विहिरीजवळचं मीठ

"मग विहीर गोड होणार कधी, ते तरी सांगा!"

 ओंकारगिरी बाबा मठीच्या उंबऱ्यात बसून खाडीकडे बघत राहिले.

मोरेश्वर तांडेल समोर उभाच होता. गावचा सरपंच. लहानपणापासून बाबांकडे येणारा, पण असा आवाज चढवून कधी बोलला नव्हता.

गाव मासे खारवणाऱ्यांचं. मिठाचे ढीग पूर्वी विहिरीच्या काठाशीच उघड्यावर पडलेले असत. पावसात विरघळत, जमिनीत मुरत. विहीर मचूळ झाली तेव्हा मोरेश्वरनेच ग्रामसभेत नियम करून घेतला. मीठ ठेवायचं ते विहिरीपासून लांब, पक्क्या ओट्यावर, छपराखाली. कुणी जुमानेना, तेव्हा तो मिठाच्या ट्रकपुढे आडवा पडला. सख्ख्या भावाशी कायमचं वाकडं आलं. पण नियम पाळला गेला. लोक त्याला मोरेश्वरचा कायदा म्हणत, आणि ते ऐकलं की त्याची छाती फुगायची.

त्यावर कितीतरी पावसाळे गेले. विहीर खारटच राहिली.

"पाणी तपासायला साहेब आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, मुरलेलं मीठ हळूहळू झिरपतंय. तुमच्या हयातीत काही ही विहीर गोड होत नाही."



मोरेश्वरने पिशवीतून झाकणाचा तांब्या काढून, उघडून पुढे केला.

"त्याच विहिरीचं आहे. चाखून बघा."

बाबांनी तांब्या तोंडाला लावला. चाखला नाही, घटाघटा रिकामाच केला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, अहो! थुंकून टाकायचं ना!"

त्यांनी तांब्या पालथा घातला आणि ओठ पुसले.

"खारट आहे," ते म्हणाले.

"तेच तर सांगतोय!" मोरेश्वर मटकन खाली बसला. "गाव म्हणतं, विहीर मेलीच आहे, तर मीठ लांब वाहून नेण्याचे हाल कशाला? पुन्हा तिथंच टाकू. उद्या सभा आहे. नियम मोडायला मीही हात वर करणार. थकलो मी, बाबा. कुणासाठी राखायचं आता?"

 खाली भरती लागत होती.

"तुझी आई गेली," बाबांनी विचारलं, "तेव्हा जवळ कोण होतं?"

"मीच होतो."

"शुद्धीवर होती?"

"नाही... आदल्या दिवसापासून नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली होती." तो थांबला. "त्याआधी विहिरीचं पाणी मागायची. तिला वाटायचं, अजून गोडच आहे."

"मग शेवटी तिच्या तोंडात काय घातलंस?"

"टँकरचं पाणी. चमचाभर. तुळशीचं पान ठेवून."

"गिळलं तिनं?"

 मोरेश्वरने नुसती मान हलवली... नाही.

बाबा उठले. आत जायला वळले आणि दारातच थांबले.

"मग तिच्या तोंडात मीठ का नाही घातलंस?"