चाळीस खोल्यांचा दाता

एका नदीकाठच्या नगरात एकदा एका व्यापाऱ्याला दान करण्याची इच्छा झाली. व्यापाऱ्याला अशी इच्छा झाली म्हणजे शहाण्या माणसाने आधी आपला खिसा चाचपून पाहावा. पण त्या नगरात तेवढे शहाणे थोडे होते, आणि जे होते त्यांना कुणी विचारले नाही. या व्यापाऱ्याचा निळीचा मोठा कारखाना होता. तिथे दीडशे माणसे कापड रंगवीत, आणि दिवस मावळला की वेशीबाहेरच्या पालांत जाऊन निजत. ‘या गरिबांसाठी मी चाळीस पक्क्या खोल्या बांधतो,’ असे तो म्हणाला. नगरसभेला गहिवरून आले. तिने नदीकाठची जमीन फुकट दिली आणि त्याच्या मालावरची जकात दहा वर्षांसाठी माफ केली. खोल्या उभ्या राहिल्या. वर कौले, खाली फरशी, आणि भाडे महिन्याला एक रुपया. नगरात इतरत्र तशाच खोलीला पाच रुपये पडत.

अट एकच होती. ज्या घराची मिळकत महिन्याला बारा रुपयांच्या आत, त्यालाच खोली मिळेल. मिळकत बाराच्या वर गेली की येत्या पौर्णिमेपर्यंत खोली रिकामी करायची. गरिबांसाठी बांधलेली जागा सुखवस्तू माणसाने अडवू नये, हा त्यामागचा विचार. यात वावगे ते काय, असे तुम्हांला वाटेल. मठातल्या शिष्यालाही तसेच वाटले होते.

नगराजवळ एका वृद्ध आचार्यांचा मठ होता आणि हा तिशीतला शिष्य त्यांच्या हाताखाली दहा वर्षे शिकत होता. दर वर्षी खोल्यांतल्या घरांची मिळकत तपासून यादी करण्याचे काम त्याच्याकडे आले. मठाचा माणूस कुणाला झुकते माप देणार नाही, म्हणून ते त्याच्याकडे आले, आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता. वेशीबाहेर अजून शंभर कुटुंबे पालांत होती. एका अपात्राला दयेने ठेवले तर एका पात्राच्या डोक्यावरचे छप्पर आपण काढून घेतो, असे तो स्वतःला बजावत असे. हे म्हणणे खोटे नव्हते.

त्या वर्षी तपासणीला तो सगुणाबाईच्या खोलीत गेला. सगुणाबाई विधवा, दम्याने खंगलेली. पालात होती तेव्हा ओलीमुळे तिला आडवे होता येत नसे. रात्ररात्र ती बांबूला पाठ टेकून बसून काढी. खोलीत आल्यापासून, दोन वर्षे, ती माणसासारखी निजत होती. घरात ती आणि तिची मुलगी येसू, दोघीच.

“बसा, दादा. पाणी घ्या,” सगुणाबाई म्हणाली. “लिहा. माझे वाती वळायचे दोन रुपये. हिचे नऊ. ही कापड वाळत घालते.” बोलताना ती फरशीकडे पाहत होती.

शिष्याचे लक्ष येसूच्या हातांकडे गेले. कोपरापर्यंत कातडी सोलवटलेली होती आणि नखांच्या कडांना निळा रंग तसाच राहिला होता. वाळत घालणाऱ्यांचे हात असे होत नाहीत. ज्यांचे हात निळीच्या रांजणात जातात, त्यांचेच होतात, आणि त्यांना मजुरी जास्त असते.

“हे चुन्यानं घासलंत?” त्याने विचारले.

“चुना आणि राख,” येसू म्हणाली. “आई, राहू दे आता. दादा, गेल्या महिन्यापासून मला तेरा मिळतात. मुख्य रंगारीण केलंय मला. रांजणातली नीळ बिघडायला लागली की मला नुसत्या वासावरून कळतं, म्हणून.”

“म्हणजे पंधरा झाले.”

“झाले. पण बाहेर खोलीला पाच, आईच्या औषधाला चार. उरलेल्यात दोघींचं पोट भरत नाही. पुन्हा पालात गेलो तर आई हा पावसाळा काढायची नाही.”

शिष्याला वाईट वाटले. तसे त्याने बोलूनही दाखवले. मग म्हणाला, “नियम मी केलेला नाही, ताई. यादी परवा द्यायची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू मठाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. “शेठजींकडे जाऊन आले,” ती म्हणाली. “वाढ नको, असं सांगितलं. काम तेच करीन, मजुरी पूर्वीचीच नऊ द्या. आता आईचे दोन धरून अकरा झाले. लिहा तसं.”

“शेठजी काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, शहाणी आहेस. तुझ्याआधी अकराजण येऊन हेच सांगून गेलेत.”

शिष्याने सुटकेचा निःश्वास टाकला. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असे त्याला वाटले. त्याने चारदा कारखान्यात विचारून खात्री केली, अकराचा आकडा लिहिला आणि यादी मोहोर उठवायला आचार्यांपुढे ठेवली. “चाळीसच्या चाळीस घरं पात्र आहेत,” तो म्हणाला.

आचार्यांनी सगळी कहाणी ऐकून घेतली. “काम ती कुठलं करते?”

“मुख्य रंगारिणीचं.”

“आणि मजुरी?”

“वाळत घालणारीची.”

आचार्यांनी यादीवर मोहोर उठवली नाही. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, “उद्याच्या सोहळ्याला तू माझ्याबरोबर चल.”

खोल्यांची शेवटची ओळ नुकतीच पुरी होऊन भरली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दानाचा विधी व्हायचा होता. दान देताना दात्याच्या तळहातावर पळीने पाणी घालतात, तो ‘न मम’ म्हणजे ‘हे आता माझे नाही’ असे म्हणून ते खाली सोडतो, आणि उदक सुटले की दान पुरे होते. पळी आचार्यांच्या हाती होती. व्यापारी पाटावर बसून तळहात पुढे करून वाट पाहत होता. आचार्य त्याच्या हातावरून पुढे गेले, गर्दीत शिरले आणि येसूसमोर थांबले.

“मुली, हात पुढे कर.”

ती गोंधळली, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून तिने हात पुढे केला. आचार्यांनी त्यावर पाणी घातले. कुजबुज सुरू झाली. व्यापारी हसून म्हणाला, “आचार्य, दाता इकडं बसलाय.”

“तेच पाहतो आहे,” आचार्य म्हणाले. “शेठ, जमीन नगरानं दिली. विटा-कौलांचा खर्च जकातीच्या माफीत निघाला. राहिलं भाडं. बाहेर पाच, इथं एक. मधले चार रुपये कोण सोसतं, एवढंच मला पाहायचं होतं. ही मुलगी तेराचं काम करून नऊ घेते. तिचे चार रुपये तुमच्याच पेटीत राहतात. ती मजुरी मागायला येत नाही, कारण मागितली तर घर जातं. अट तुम्ही घातलीत आणि मजुरीही तुम्हीच देता. आपल्या खोलीचं सगळं भाडं ही स्वतः भरते आहे. मग उदक कुणी सोडायचं?”

शिष्याला आपल्या गुरूंविषयी फार मोठा अभिमान वाटला. कथा इथे संपली असती तर आपण सगळेच समाधानाने घरी गेलो असतो.

येसू तळहातावरच्या पाण्याकडे पाहत होती. “बाबा, हे सोडताना ‘माझं नाही’ म्हणायचं असतं ना?” तिने विचारले. “मी नाही म्हणणार. मी दान दिलेलं नाही. देणाऱ्याला नाही म्हणता येतं. मला कुठं येत होतं? माझ्याकडून ते घेतलंय.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “आणि तुम्ही मला इथं सगळ्यांपुढं उभं केलंत. उद्या मला कामावर कोण ठेवील, हे मला आधी विचारायचं होतंत.”

तिने हात पदराला पुसला आणि गर्दीत मागे गेली. आचार्यांनी पळी खाली ठेवली. “खरं आहे,” एवढेच ते म्हणाले आणि सभेतून निघून आले. मागे व्यापाऱ्याच्या उपाध्यायाने नवे पाणी मागवले, व्यापाऱ्याने खणखणीत आवाजात ‘न मम’ म्हटले आणि प्रसाद वाटला गेला.

आठ दिवसांत येसूचे काम गेले. रांजणातली नीळ बिघडवली, असे कारण दिले. आचार्य स्वतः तिच्या दारी जाऊन क्षमा मागून आले. तिने त्यांना पाणी दिले, क्षमेचे काही बोलली नाही. मोहोर तेवढी राहिली होती, म्हणून नगरसभेने शिष्याला पुन्हा तपासणीला पाठवले. सगुणाबाईने दोन रुपये सांगितले. येसूच्या नावापुढे त्याने शून्य लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात नियमाप्रमाणे ‘पात्र’ असा शब्द लिहिला.

मठात परतून त्याने यादी आचार्यांपुढे ठेवली. “आचार्य, हिच्यात एकही अक्षर खोटं नाही,” तो म्हणाला.

“नाही,” आचार्य म्हणाले. “पहिल्या यादीतही नव्हतं.”

येसूकडून कुणी घेतले, हे तिने सभेत सांगितले नव्हते. घेणाऱ्यांत आपणही होतो, हे शिष्याला आता कुणी सांगण्याची गरज नव्हती. जिथे राहायचे तर गरीबच राहावे लागते, त्या घराचे भाडे कोण भरतो, हे दात्याला विचारू नये; आत राहणाऱ्याला विचारावे, आणि तेही चारचौघांत नव्हे.