तंबोरा लावणारा गवई

गोष्ट फार जुनी आहे, पण असा माणूस आजही प्रत्येक आळीत एक तरी सापडतो, म्हणून सांगावी लागते. एका गावात एक गवई राहत होता. त्याचा गळा इतका गोड, की विहिरीवर आंघोळ करताना तो नुसता गुणगुणला तरी बायका घागरी खाली ठेवून ऐकत राहायच्या. त्याला गाणं शिकवलं होतं गावातल्याच म्हाताऱ्या बुवांनी, घरी ठेवून घेऊन, पोटच्या पोरासारखं.

त्या गावात एक रीत होती. शिकणं पुरं झालं, की शिष्यानं देवळाच्या सभामंडपात गुरूसमोर बसून एक चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत गायची. गुरूनं ती ऐकून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.

एक दिवस बुवा गवयाला म्हणाले, "बाळा, माझा एक कान गेला. दुसराही आता दगा देतोय. तो आहे तोवर तुझं गाणं ऐकव. मला दुसरं काही नको."

"ऐकवतो की बुवा. येत्या रामनवमीलाच गातो."

रामनवमीला मंडप भरला. बुवा पुढ्यात येऊन बसले. गवयानं तंबोरा घेतला आणि तारा लावायला सुरुवात केली. पंचम उतरलाय म्हणून खुंटी पिळली, तर तो चढला. मग तारेखालचा दोरा जरा पुढे सरकवला, परत मागे घेतला. पोरं पेंगली, सुंठवडा वाटून झाला, लोक उठून घरी गेले, तरी याचं पिळणं चालूच. शेवटी म्हणाला, "आज नाही लागत. हवा दमट आहे." ऐन चैत्रात, बाहेर ऊन मी म्हणत असताना, हवा दमट! आता यावर काय बोलायचं?

बरं, गावकरी तरी शहाणे असावेत! तेही सांगत सुटले, "केवढा बारकाईचा कलावंत!" अरे, पण त्याला गाताना ऐकलंय कोणी? गवयाला मात्र ते बोलणं फार आवडलं. न गाता नाव होत असेल, तर गाऊन ते धोक्यात कोण घालणार?

मग नव्या तारा आल्या. त्या पसंत पडेनात म्हणून दुसऱ्या आल्या. सण येत होते, जात होते. गवयाची बायको वैतागून म्हणाली, "अहो, बुवांना तंबोरा ऐकायचा नाहीये, तुमचं गाणं ऐकायचंय. जा आणि गा एकदाचे!"

"तुला त्यातलं काय कळतंय? गुरूसमोर कच्चं गाऊ?"

बुवांनाही तो हेच म्हणाला. बुवा कानामागे हात धरून ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, चुकलास तर मी सांगेन ना. त्यासाठीच तर बसलोय मी. पण गायलाच नाहीस, तर काय सांगू?"

"थोडं थांबा बुवा. फक्त जरासंच राहिलंय."

त्या 'जराशा'त वर्षं गेली. शेवटी एकदाचा तंबोरा लागला, अगदी त्याच्या मनासारखा. मंडप पुन्हा भरला. बुवांना दोघांनी धरून आणून समोर बसवलं. आणि गवई गायला. खोटं कशाला बोलू, गायला मात्र असा, की माणसं डोळे पुसत होती. चीज संपली तरी कोणी जागचं हललं नाही.

गवयानं वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोक्यावर हात पडण्याची वाट पाहू लागला. हात काही पडेना. त्यानं वर पाहिलं. बुवा त्याच्याकडे मोठ्या आशेनं बघत होते. बहिरी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं म्हणाले,

"लागला का रे तंबोरा? मग असा काय बसलास? गा की आता!"

तात्पर्य सरळ आहे, तरी दरवेळी सांगावं लागतं, याचाच वैताग येतो: ज्याच्यासाठी गायचं, त्याला ऐकू येतंय तोवर गाऊन घ्या. सूर थोडा कमी-जास्त झाला, तर तो सांभाळून घेईल.