नाइफमधला मुका ‘के’

“अहो मास्तर, नाइफमधला ‘के’ बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?” गोदाक्का पुन्हा कडाडल्या.

देशिंगकर सरांनी खडू टेबलावर आपटला. “कारण विचारायचं नाही. लिहिलेलं दिसत असून जिभेवर येऊ द्यायचं नाही, हे तुम्हा बायकांच्या डोक्याबाहेरचं काम. उद्यापासून इंग्रजीचा वर्ग बंद.”

महिला मंडळाच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे पडले. गोदाक्कांची नवी नातसून परदेशातली, तिला मराठीचा गंध नाही. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून तर त्यांनी सत्तरीत पाटी धरली होती. वर्ग बंद म्हणजे जन्मभर तिच्यापुढं नुसती मान डोलवायची.

त्यांनी पदर खोचला आणि बायकांकडं वळल्या. “उखाणा सोडून जिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलंय, तिनं हात वर करावा गं.”

एकही हात वर गेला नाही. मागच्या बाकावर खसखस पिकली.

“बघा मास्तर, ते नाव आमच्या रेशनकार्डावर आहे, दारावरच्या पाटीवर आहे, माझ्या तर दंडावर गोंदलंय, पण जिभेवर कधी आलं नाही, लिहिलेलं गिळायला तुम्हाला कॉलेजात जावं लागलं, आम्ही ते बोहल्यावरच शिकून आलोय.”