भिवाईची घोंगडी

माणदेशातल्या कुरणवाडीत केसोबा महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराज बिरोबाच्या देवळात राहत, मिळेल ती भाकरी खात आणि दर्शनाला येणाऱ्याला एकच विचारत, "आज मनापासून काय केलंस, बाबा?" प्रश्न साधा, पण भल्याभल्यांची बोबडी वळायची.

गावात सणगरांची घरं होती. घोंगड्या विणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्यात दाजीबा म्हणजे कामाचा राक्षस. उजाडल्यापासून त्याचा माग खटखटायचा तो दिवेलागणीपर्यंत. जेवायलाही तो उठत नसे. बायको मागापाशीच भाकरी आणून द्यायची. शेजारचा शिदबा अगदी उलटा. तो महाराजांचा भक्त. घोंगडी सांगायला आलेल्याला तो आधी समोर बसवायचा आणि विचारायचा, "कुणाच्या अंगावर जायाची ही?" म्हाताऱ्या बापाच्या की बाळंतिणीच्या, हे कळल्याशिवाय त्याचा हात मागाला लागत नसे.

"घोंगडी विणतोस का सोयरीक जुळवतोस रं?" दाजीबा चारचौघांत त्याला हिणवायचा. "माझ्या धा हुत्यात तवर तुझी एक हुईत न्हाई."

शिदबा हसून मान खाली घालायचा.

दाजीबाची आई भिवाई आता थकली होती. आपल्या लाडक्या काळ्या मेंढीची लोकर जपून ठेवून तिनं थरथरत्या हातांनी टकळीवर सूत कातलं होतं. "लेका, येवढ्या सुताची मला एक घोंगडी विण. तुझ्या हातची पांघरून जाईन म्हणते."

"बाजार हुंदे, आये. मग विणतो."

बाजार तर दर आठवड्याला भरायचा. अशी दोन वर्षं गेली. शेवटी म्हातारी सुताची बुट्टी घेऊन शिदबाकडे गेली. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "निघालेल्या माणसाच्या." शिदबानं डोळे पुसले आणि सूत मागावर चढवलं.

घोंगडी निम्मी झाली आणि भिवाईला हुडहुडी भरली. दाजीबानं बाजारासाठी रचलेल्या घोंगड्या काढल्या. एक टाकली, दोन टाकल्या, सात टाकल्या. म्हातारीचे दात वाजायचे थांबेनात. "गार लागतंय रं, दाजीबा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणे. वैद्यानं हात टेकले. अर्ध्या माणदेशाची थंडी आपल्या घोंगड्यांवर निघते, आणि आपल्याच आईला ऊब मिळेना! दाजीबाच्या काळजाचं पाणी झालं. तो देवळाकडे धावत सुटला.

पण महाराज वाटेतच, शिदबाच्या दारात उभे होते. "अर्धीच झाली आहे ना? तशीच आण," ते शिदबाला सांगत होते. शिदबानं घोंगडी मागावरून उतरवली. तिचे उभे धागे तसेच लोंबत होते.

"महाराज, सातांनी भागलं न्हाई, अर्धीनं काय हुनार?" दाजीबा म्हणाला.

"त्या सातांतली एक तरी तिची होती का, बाबा?"

दाजीबा त्यांना घरी घेऊन आला.

महाराजांनी ते अर्धं कापड म्हातारीच्या गळ्याशी धरलं आणि हळूहळू खाली सोडलं. कमरेशी संपायचं, ते गुडघ्यांवर उतरलं, गुडघ्यांवरून पावलांवर, आणि भेगाळलेल्या टाचा झाकूनच थांबलं. दारात उभ्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. काय ती माउलीची करुणा! म्हातारीची थरथर थांबली. तिनं तळव्यानं लोकर चाचपली.

"माझ्या काळीची हाय. कुणी विणली रं?"

दाजीबानं घोंगडी तिच्या खांद्यांशी सारखी केली. "शिदबानं, आये."

"बरं झालं. तू बस जरा माझ्यापाशी."

तो बसला. त्या दिवशी त्याचा माग मुका राहिला. लहानपणी तो मागाच्या खटखटीशिवाय झोपत नसे, तेव्हा हातातलं सूत टाकून ती तोंडानं तसा आवाज करायची, हे तिनं त्याला सांगितलं. एवढ्या वर्षांत हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. दिवस मावळायच्या आत, उबेत, त्याचा हात धरून भिवाई गेली.

"महाराज," दाजीबा हंबरडा फोडून म्हणाला, "ऊब दिलीसा, मग आविष्य का न्हाई दिलंसा?"

महाराजांचेही डोळे भरून आले. "आयुष्य तिला होतं, बाळा. दोन वर्षं होतं."

आईच्या अंगावरून घोंगडी उचलली, तेव्हा ती पुन्हा अर्धीच होती.

तेरावा झाल्यावर दाजीबा ती अर्धी घोंगडी घेऊन शिदबाच्या दारी गेला. ज्या उंबऱ्यावरून आजवर टोमणे मारले, तिथंच खाली बसला. "ऱ्हायलेली मी विणतो. तू कशी विणतोस, ते शिकीव."

शिदबाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुणाच्या अंगावर जायाची ही?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. दाजीबानं शिदबाच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिथूनच म्हणाला, "आयेच्या."