भाग न जाणारी संख्या

एकदा एका वृद्ध गणितगुरूंना भेटायला त्यांचा जुना शिष्य पंचवीस वर्षांनी आला. तो आता राजधानीत मोठा पंडित झाला होता. गुरुजींची स्मृती ओसरत चालल्याचे त्याला वाटेतच कळले होते. तरीही नमस्कार करून त्याने तेच विचारले, जे अशा वेळी आपण सगळेच, जरासुद्धा दया न दाखवता, विचारतो : "ओळखलंत का मला?"

गुरुजी ओशाळून हसले. "चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, मनाला लावून घेऊ नका. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही त्यांना. माझ्या मुलांनासुद्धा विचारतात, तुम्ही कुणाची म्हणून."

शिष्याला भरून आले. ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांच्याच मनातून आपण पुसले गेलो, हे त्याला सोसवेना. "म्हणजे माझे गुरुजी आता उरलेच नाहीत," तो पुटपुटला.

गुरुजींचे कान मात्र शाबूत होते. त्यांनी धूळपाटी पुढे ओढली आणि बोटाने धुळीत एक संख्या लिहिली : ७३९३९१३३.

"हिला कशानं भाग जातो?"

ही संख्या शिष्याच्या चांगल्या परिचयाची होती. "कशानंच नाही, गुरुजी. एक आणि ती स्वतः, एवढंच."

गुरुजींनी तळव्याने शेवटचा तीन पुसला. "आता?"

"हिलाही नाही."

त्यांनी आणखी एक अंक पुसला, मग आणखी एक. ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३. एकीलाही भाग जात नव्हता. अखेर पाटीवर एकटा सात राहिला.

"म्हातारपण असंच उजवीकडून पुसत येतं रे," गुरुजी म्हणाले. "आधी कालचं जातं, मग गेल्या वर्षीचं. नातवंडांची नावं गेली, त्याचं वाईट वाटतं. भीतीही वाटते. पण मागं राहिलेत ते माझे तुकडे नव्हेत. जेवढा आहे तेवढा मी सबंध आहे."

शिष्याने भीत भीत विचारले, "आणि मी, गुरुजी? मी कुठल्या अंकाबरोबर गेलो?"

गुरुजींनी पाटी बाजूला सारली.

"नाव सापडत नाही. पण एक मुलगा होता. अख्खा चातुर्मास याच संख्येला भाग लावत बसला. आमची ही त्याला ऊन भाकरी वाढायची, तर हा भाकरीच्या पिठावर बोटानं आकडे काढायचा. ही माझ्यावर चिडायची, 'अहो, पोराला आधी जेवू तरी द्या.' कुठं असतो आता, कुणास ठाऊक. तुला भेटला तर सांग, मला त्याची फार आठवण येते."

"सांगतो, गुरुजी," शिष्य म्हणाला. आपले नाव त्याने सांगितले नाही. सांगावेसे त्याला वाटलेच नाही.